उत्तर खरंच हवं असेल तेव्हाच विचारा: चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी घरातलं गणित

मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून घरोघरी जे केलं जातं, त्यात परीक्षाच जास्त असते. शाळेतून परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला "सात आठे किती?" असं विचारायचं, पाहुण्यांसमोर "एकोणीसचा पाढा म्हणून दाखव" असं सांगायचं. मूल कितीही लहान असलं तरी त्याला एक गोष्ट नेमकी कळते: विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, आपल्याला फक्त तपासलं जातंय. मग ते एक तर घाईघाईने काहीतरी सांगतं, नाही तर गप्प बसतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मी मराठी घरांतल्या मुलांना शिकवते. तिथे मी पालकांना सगळ्यात आधी एकच सांगते. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला खरोखर हवं आहे, तोच प्रश्न मुलाला विचारा. "रात्री सहा जण जेवायला आहेत, प्रत्येकाला तीन पोळ्या धरल्या तर किती वाट्या कणीक भिजवू?" हा खरा प्रश्न. उत्तर चुकलं तर पोळ्या कमी पडतील किंवा उरतील, आणि ते मुलाला ताटात दिसेल, कुणी सांगावं लागणार नाही. खाली जे जे सुचवलं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिला आठवडा: नुसतं बोलणं

वही-पेन्सिल काढू नका. अंदाज बांधायची सवय लावा. बरणीत शेंगदाणे किती असतील, घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पावलं किती होतील, बादली भरायला किती तांबे लागतील. मोजण्याआधी मुलाला दोन आकडे सांगायला लावा: याहून कमी नक्की नाही, आणि याहून जास्त नक्की नाही. एकच आकडा मागितला की मूल चुकायला घाबरतं. दोन टोकं सांगताना ते निर्धास्त असतं. दिवसेंदिवस ही दोन टोकं जवळ येत जातात. आकडेमोडीआधीची ही संख्येची जाण पुढे फार उपयोगी पडते. ३९८ आणि २०५ ची बेरीज ५०३ आली तर "हे कसं शक्य आहे?" असं मुलाला स्वतःलाच वाटायला हवं.

दुसरी सवय आपल्याला लावून घ्यायची आहे. मुलाने उत्तर दिलं की "बरोबर" किंवा "चूक" म्हणण्याआधी "कसं काढलंस?" असं विचारायचं. बरोबर उत्तरालाही हेच विचारा, नाही तर हा प्रश्न म्हणजे चुकल्याची खूण असं मूल समजून बसतं. १८ आणि ७ ची बेरीज एक मूल १८ मध्ये आधी २ मिळवून, मग ५ मिळवून करतं. दुसरं २० आणि ७ करून २ वजा करतं, तिसरं बोटांवर पुढे मोजत जातं. तिघांचं उत्तर २५ आहे, पण तिघं वेगवेगळ्या जागी उभी आहेत, आणि कुणाला पुढे काय दाखवायचं ते या एका प्रश्नातून कळतं.

आणि एक वाक्य घरातून कायमचं काढून टाका: "मलाही गणित कधी जमलं नाही." आई-वडिलांनी प्रेमाने म्हटलं तरी मुलाला त्यातून गणित सोडून द्यायची परवानगी मिळते.

तीन भाषांतले आकडे

आपल्याकडच्या मुलांची ही खास अडचण आहे आणि ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. आजी "त्रेसष्ट" म्हणते, भाजीवाला "तिरसठ" म्हणतो, शाळेत "सिक्स्टी थ्री". मराठी आणि हिंदीत एककाचा उच्चार आधी येतो, इंग्रजीत दशकाचा. त्यात मराठीतले एकोणतीस, एकोणचाळीस पुढच्या दशकातून एक वजा करून येतात. सहा-सात वर्षांचं मूल ६३ ऐवजी ३६ लिहितं तेव्हा ते निष्काळजी असेलच असं नाही. अनेकदा त्याने ऐकलेल्या क्रमानेच लिहिलेलं असतं.

याला उपाय सोपा आहे. आइस्क्रीमच्या काड्या किंवा झाडूचे हीर घ्या, दहा-दहाच्या जुड्या रबरबँडने बांधा. त्रेसष्ट म्हटलं की मुलाने सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या ठेवायच्या, मग "सहा दहा आणि तीन" असं म्हणायचं, आणि शेवटी लिहायचं. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची हीच अडचण मांडली होती. घरात वाद घालायची गरज नाही. दोन्ही म्हणा: आजीचं त्रेसष्टही राहू द्या आणि साठ तीनही. जुड्या समोर असल्या की मूल गोंधळत नाही.

स्वयंपाकघर

अपूर्णांक शिकवायला घडीच्या पोळीसारखं साधन नाही. छोटी पोळी लाटली, तेल लावलं, अर्धी घडी घातली, पुन्हा अर्धी घातली: चार पदरांचा त्रिकोण. मुलाला स्वतः घडी घालू द्या आणि लाटण्याआधी विचारा, "पदर किती झाले? आणखी एक घडी घातली असती तर?" २, ४, ८, १६ इथेच सुरू होतं. त्याच पोळीची पाव पोळी कुणाला, अर्धी कुणाला, हे वाटताना दोन पाव म्हणजे अर्धी हे मुलाच्या हातात येतं. शाळेत २/४ आणि १/२ पुढे येतील तेव्हा ते ओळखीचे असतील.

कणकेच्या प्रश्नाकडे परत येऊ. तुमच्या घरच्या वाटीत किती पोळ्या होतात हे पुस्तकात मिळणार नाही. एका दिवशी मुलाने मोजायचं: एक वाटी कणीक, त्याच्या किती पोळ्या झाल्या. हा आकडा फ्रिजवर चिकटवा. पुढे पाहुणे आले की हिशोब त्याच्याकडे सोपवा, आणि तो सांगेल तेवढीच कणीक भिजवा, हे महत्त्वाचं. मनातल्या मनात मूठभर जास्त घालून त्याची चूक झाकू नका. पुरणासाठी डाळीइतकाच गूळ, भातासाठी तांदळाच्या दुप्पट पाणी, अशी घरातली प्रमाणंही त्याच्याकडूनच बदलून घ्या: चार जणांचं सहा जणांसाठी करायचं तर प्रत्येक जिन्नस दीडपट.

दीडपटीवरून पावकी-निमकी आठवते. पाव, निम्मा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे आपल्याकडे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकी. घरात कुणा आजी-आजोबांना ते येत असतील तर म्हणून घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. पाठ करून घ्यायचा हट्ट मात्र नको. त्यापेक्षा थंडीत गजक घ्यायला जाताना मुलाला पुढे करा. समजा गजक किलोला ४०० रुपये आहे: पाव किलोचे किती, पाऊण किलोचे, सव्वा किलोचे? १००, ३०० आणि ५००. ४०० चा पाव काढता आला की बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात, हे मुलाला दुकानात उभं असतानाच कळतं.

पाढ्यांची चित्रं

पाढे पाठ असावेत, या मताची मी आहे. पण पाठ होण्याआधी ते दिसले तर टिकतात. पुठ्ठ्यावर ताट ठेवून वर्तुळ काढा, कडेवर सारख्या अंतराने ० ते ९ अशा दहा खुणा करा, प्रत्येक खुणेवर खाच पाडा. आता लोकरीचा धागा घेऊन पाढ्यातल्या फक्त एककाच्या अंकांवरून न्या. सातच्या पाढ्यात ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ० असे सगळे अंक येतात आणि दहा टोकांची चांदणी तयार होते. मग तीनचा पाढा करा. तीच चांदणी, फक्त उलट दिशेने विणलेली. चार आणि सहा मिळून पाच टोकांची चांदणी देतात, दोन आणि आठ पंचकोन देतात, पाचच्या पाढ्यात मात्र एकच सरळ रेघ. "असं का?" हा प्रश्न मूलच विचारतं. उत्तर लगेच देऊ नका. ३ आणि ७, ४ आणि ६, २ आणि ८ या जोड्या एकाखाली एक लिहून ठेवा आणि दोन दिवस थांबा. दहा हा आकडा त्याला स्वतःला दिसू द्या.

ठिपक्यांची रांगोळी

हा माझा सर्वांत आवडता भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दिवाळीत आपल्या दारात 'सात ते चार' अशी रांगोळी काढतात. मधल्या ओळीत सात ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत चारपर्यंत. ओळी अशा होतात: ४, ५, ६, ७, ६, ५, ४. मुलाला विचारा, एकूण ठिपके किती? बहुतेक मुलं एकेक मोजतात आणि मध्येच चुकतात. मग दुसरी वाट दाखवा: वरच्या तीन ओळी आणि खालच्या तीन ओळी सारख्याच आहेत, म्हणजे १५, १५ आणि मधले ७. झाले ३७.

आता लहान रांगोळ्यांकडे चला. 'पाच ते तीन' म्हणजे ३, ४, ५, ४, ३, एकूण १९. 'तीन ते दोन' म्हणजे ७. आणि सर्वांत लहान, एकच ठिपका. लिहा: १, ७, १९, ३७. दोन आकड्यांमधला फरक काढा: ६, १२, १८. सहाचा पाढा! का? कारण मधल्या ठिपक्याभोवती दर वेळी षटकोनी कडं वाढतं, आणि आधीच्या कड्यापेक्षा त्यात सहा ठिपके जास्त असतात. कडी वेगवेगळ्या रंगांच्या रांगोळीने भरा, हे डोळ्यांना दिसेल. आता 'नऊ ते पाच' मध्ये किती ठिपके येतील ते न काढता सांगता येतं: ३७ आणि २४, म्हणजे ६१. काढून पडताळून पाहा.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी याच्या पुढची पायरी आहे. हेच आकडे एकात एक मिळवत जा. १. मग १ आणि ७, झाले ८. त्यात १९, झाले २७. त्यात ३७, झाले ६४. हे सगळे घन आहेत: १, २, ३ आणि ४ चे. साखरेचे चौकोनी खडे किंवा लाकडी ठोकळे असतील तर २७ खड्यांचा ३×३×३ ठोकळा रचा आणि तो कोपऱ्याकडून पाहा. समोर दिसणारे खडे बरोबर १९ असतात, 'पाच ते तीन' च्या रांगोळीइतके; मागे लपलेले उरतात ८. हे पाहताना मुलांचे चेहरे कसे होतात ते प्रत्येक घराने एकदा तरी पाहावं.

ठिपके काढताना ओळी सरळ आल्या नाहीत तर ओरडू नका. हात बसायला वेळ लागतो, आणि वाकड्या ओळींतही ठिपके ३७ च असतात.

बैठे खेळ

अष्टा-चंगा खेळताना कवड्यांऐवजी चिंचोके फोडून त्याच्या चार अर्ध्या फाकी घ्या. एक बाजू काळी, एक पांढरी. किती पांढऱ्या वर पडल्या ते दान; चारही पांढऱ्या म्हणजे चंगा, चारही काळ्या म्हणजे अष्टा, आणि या दोन्हींना पुन्हा खेळायला मिळतं. एका संध्याकाळी मुलाला प्रत्येक दानासाठी भिंतीवरच्या कागदावर रेघ मारू द्या. साधारणपणे दोन सर्वांत जास्त वेळा पडतं, चंगा आणि अष्टा क्वचित. मोठ्या मुलाला चार फाकींच्या सगळ्या शक्यता मांडायला सांगा: एकूण १६. त्यात एकही पांढरी नाही असं १ वेळा, एक पांढरी ४ वेळा, दोन ६ वेळा, तीन ४ वेळा, चारही १ वेळा. पुन्हा खेळायची संधी त्या दोन दानांनाच का मिळते, ते आपोआप उलगडतं. फाकी अगदी सारख्या फुटलेल्या नसतात, त्यामुळे रेघा या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत, हेही मुलाला सांगा.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना पत्ते पुरतात. चित्रांची पानं काढून टाका, दोघांनी दोन-दोन पानं उघडायची, बेरीज मोठी त्याची चारही पानं. थोडं जमलं की बेरजेऐवजी फरक.

पुस्तकं कशी वाचायची

गणिताचं पुस्तक म्हणजे गोष्टीत लपवलेला स्वाध्याय नव्हे. पहिल्या वाचनात एकही प्रश्न विचारू नका, गोष्ट गोष्टीसारखी वाचा. दुसऱ्या वाचनात एखाद्या चित्रापाशी थांबा आणि स्वतःलाच वाटलेलं मोठ्याने बोला: "या झाडावर या पानापेक्षा जास्त आंबे दिसतायत मला." मूल मोजायला लागलं तर उत्तम, नाही लागलं तर पान उलटा. तिसऱ्या वाचनात प्रश्न मुलाने विचारायचे आणि आपण उत्तरं द्यायची, मधूनमधून चुकीचीही, म्हणजे पकडायचा आनंद त्याला मिळेल.

चार-पाच वर्षांच्या मुलांना मोठ्या चित्रांची, कमी शब्दांची पुस्तकं द्या: लहान-मोठं, आत-बाहेर, वाटणी, जोड्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. ग्वाल्हेरात मराठी बालपुस्तकं सहज मिळत नसल्याने याचा फार आधार आहे. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांना मिठाईऐवजी पुस्तकं आणायला सांगा, यादी तुम्ही द्या. हिंदी वाचणाऱ्या मुलांसाठी भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' मासिक आहे. त्यातली 'माथापच्ची' ही कोडी मुलं एकमेकांना घालतात. घरात बोलायला मराठी, कोडी हिंदीत, यात काहीच बिघडत नाही.

नऊ वर्षांनंतर माणसांच्या गोष्टी आवडायला लागतात. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची (१९०५–१९८६) गोष्ट सांगा आणि लगेच त्यांचा ६१७४ करून दाखवा. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. त्यापुढे कितीही केलं तरी ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतो. घरातल्या सगळ्यांनी वेगवेगळ्या संख्या घेऊन शर्यत लावा. वजाबाकीचा इतका सराव एरवी कोणतंही मूल खुशीने करणार नाही.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं (११५०) भुंग्यांचं गणित याच वयात सांगा. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, त्या दोन हिश्शांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. एकूण भुंगे किती? बीजगणित नको, राजमे द्या. पाचाने आणि तीनाने भाग जाणारी संख्या हवी हे कळलं की मूल पंधरा राजमे मांडतं: ३, ५, ६ आणि १.

किल्ल्यावरचं शून्य

ग्वाल्हेरात राहून हे मुलांना न दाखवणं मला फार लागतं. गुजरी महालाच्या बाजूने किल्ला चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं. तिथल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ चा उल्लेख आहे. मंदिराच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिल्याचं, आणि रोज ५० हार द्यायचे असल्याचं त्यात कोरलं आहे. २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच, लहानसं गोल. याला कुणी जगातलं सर्वांत जुनं शून्य म्हणतात, ते खरं नाही, कंबोडियात इ.स. ६८३ च्या लेखात शून्याच्या जागी ठिपका आहे. पण भारतातल्या, तारीख असलेल्या कोरीव लेखांतलं हे अतिशय जुनं शून्य आहे, आणि आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

जाण्याआधी घरी दोन कामं करा. लेखाचं छायाचित्र छापून सोबत घ्या, म्हणजे दगडावर नेमका आकडा शोधता येईल. आणि मुलाचा हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, टेपने मोजा, बाबांचाही मोजा. मग प्रश्न: तुझ्या हाताने २७० हात म्हणजे किती मीटर आणि बाबांच्या हाताने किती? सगळ्यांनी मीटर का ठरवला, हे वेगळं समजवावं लागत नाही. हात ४५ सेंटिमीटर धरला तर बाग सुमारे १२१ मीटर लांब आणि ८४ मीटर रुंद येते, फुटबॉलच्या मैदानापेक्षा मोठी. रोजचे ५० तर महिन्याला हार किती? एका हाराला फुलं किती लागतात ते मुलाने महाराज बाड्यावर हारवाल्याला विचारावं. चढ दमवणारा आहे आणि इथला मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा हिवाळ्यात सकाळी जा.

हिवाळ्यातच मेळा असतो. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्यात मुलाला ठरावीक रक्कम द्या, वहीत हिशोब लिहायला सांगा आणि त्याच्या खर्चात अजिबात पडू नका. सगळे पैसे पहिल्या पाळण्यावर उडाले तरीही.

किती वेळ, आणि अडलं तर

आठवड्यात यातलं एखादंच करा. रोज सगळं करायला गेलात तर घराची शाळा होईल. मूल नको म्हणालं तर सोडून द्या, तुम्ही स्वतः चिंचोके घेऊन खेळत बसा. पुष्कळदा ते येऊन बसतं.

काही मुलांची अडचण मात्र वेगळी असते. आठ-नऊ वर्षांचं मूल ५ आणि ३ ची बेरीजही दर वेळी बोटांवर पहिल्यापासून मोजत असेल, ४१ आणि ३९ मधलं मोठं कोणतं हे सांगताना अडखळत असेल, घड्याळ आणि सुटे पैसे खूप सरावानंतरही जमत नसतील, तर आळशी म्हणू नका. ही गणन-अक्षमता असू शकते, इंग्रजी नाव डिस्कॅल्क्युलिया. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जास्त वेळेसारख्या सवलती मागता येतात. शाळेला अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.